हे कोणाला केवढ्याला?

आमच्या शेजारच्या रणभिसेसाहेबांनी कधी 'हे केवढ्याला?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. ते विचारतात, 'हे कोणाला केवढ्याला?'

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं सोसायटीच्या फाटकाबाहेर भाजीच्या हातगाडीसमोर उभे होतो. गाझियाबादेत नुकताच राहायला आलेला मी, आणि तिथं चांगले मुरलेले ते. भाजीवाल्यानं फ्लॉवरचा भाव सांगितला. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "ये किसका रेट है?"

"गोभी का, साहब."

"गोभी का नहीं. किसके लिए? सुबह जो मैडम लोग आती हैं उनके लिए, मेरे लिए, या इनके लिए?" इथं माझ्याकडे बोट. "ये कल ही आए हैं. इनको कुछ मालूम नहीं."

भाजीवाल्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तोवर त्याच्या हे लक्षात आलं नसावं. त्यानंतर सहा महिने त्या गाडीवर सगळ्यात महाग भाजी मला मिळाली.

साहेब एका आरोग्य विमा कंपनीत होते. त्यांचं काम हॉस्पिटलांशी भाव ठरवायचं. अशी नोकरी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. मी छपाईच्या शाईच्या कंपनीत विक्री बघणारा माणूस. मला वाटायचं, बुटाला जशी किंमत असते तशी ऑपरेशनलाही असते, डब्यावर छापलेली.

"भाव ऑपरेशनचा नसतो, पाठक," साहेब म्हणाले. "भाव माणूस कोणत्या दारानं आत आला त्याचा असतो."

हे त्यांनी आम्हाला एका रविवारी सप्रयोग समजावून दिलं. साहेब नगरकडचे ख्रिस्ती. रविवारी सकाळी चर्च, आणि येताना आमच्याकडे चहा, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी चहाबरोबर त्यांनी माझ्या बायकोकडे, मंदाकडे, चार वाट्या मागितल्या.

"समजा, हा गुडघा," असं म्हणून त्यांनी स्वतःचा उजवा गुडघा टेबलावर ठेवायचा प्रयत्न केला. टेबलक्लॉथ नवा आहे असं मंदानं सांगितल्यावर गुडघ्याच्या जागी एक बटाटा आला. बटाट्याभोवती चार वाट्या मांडल्या गेल्या.

"पहिली वाटी सरकारी. कार्ड घेऊन येतो. भाव सरकारनं ठरवलेला. हॉस्पिटल रडतं, पण घेतं, कारण गर्दी तिथं. दुसरी वाटी कंपनीची. गुडगावची मोठी कंपनी, हजारो माणसं, सगळ्यांचा मिळून एक विमा. तिथं मी भाव पाडायला गेलो की कंपनीचाच मॅनेजर मला फोन करतो, आमच्या लोकांना तेच हॉस्पिटल पाहिजे, लॉबीत कारंजं असलेलं. हे हॉस्पिटलला ठाऊक असतं. आणि खर्च वाढला तर पुढच्या वर्षी कंपनी जास्त हप्ता भरणार. दुसऱ्याच्या ताटातलं तूप, हात कोण आखडेल? तिसरी वाटी रिटेल. स्वतःचा विमा स्वतः काढलेला एकटा माणूस. म्हणजे तुम्ही. इथं पैसा थेट आमचा जातो, म्हणून मी जिवावर उदार होऊन भांडतो. पण एकट्याच्या मागं ओरडायला कुणी नसतं, म्हणून हॉस्पिटलही त्याच्याकडे जास्तच मागतं."

"आणि चौथी?" मी विचारलं.

"चौथी रोख. हॉटेलच्या खोलीत दारामागं दरपत्रक लावलेलं असतं ना, जे कुणीच देत नाही? ते देणारा माणूस."

मंदा इतका वेळ हाताची घडी घालून उभी होती. "आणि बटाटा?"

"बटाटा तोच, वहिनी."

संध्याकाळी मंदानं तो रश्श्यात घातला. आम्ही आदरानं खाल्ला.

त्या दिवसापासून साहेबांच्या लेखी माझं नाव पाठक उरलं नाही. जिन्यात भेटले की "काय रिटेल, कसं काय?" आमच्या मजल्यावरचे मंत्रालयातले जोशी म्हणजे 'सरकारी'. समोरचं नोएडाला सॉफ्टवेअर कंपनीत जाणारं दांपत्य म्हणजे 'ग्रुप'. पाचव्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक विमा न काढता राहत. साहेब लिफ्टमध्ये त्यांच्याकडे अशा नजरेनं बघत, की प्राध्यापक आपली नाडी तपासू लागत.

त्यांच्या वाटाघाटींची एक शिस्त होती. हॉस्पिटलच्या डायरेक्टरच्या केबिनमधल्या सोफ्यावर ते कधी बसले नाहीत. "सोफा मुद्दाम खोल असतो. माणूस बुडाला की आवाज बारीक होतो." ते बाहेरून प्लॅस्टिकची खुर्ची मागवून घेत. चहा स्वतःच्या थर्मासमधला. अंगात कोपराला विरलेला एकच स्वेटर, कंपनीची परिस्थिती समोरच्याच्या लक्षात यावी म्हणून. हा स्वेटर एस्तेरवहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दोनदा रफू केला होता, आणि दोन्ही वेळा साहेबांनी तो उसवून घेतला होता.

आणि शेवटी एक वाक्य. "तो फिर पैनल से नाम हटाना पड़ेगा." म्हणजे ज्या हॉस्पिटलांत आमच्या ग्राहकाला पैसे न भरता, नुसतं कार्ड दाखवून भरती होता येतं, त्या यादीतून तुमचं नाव काढतो. "हे वाक्य शेवटी बोलायचं," साहेब सांगत. "आणि हळू बोलायचं. ओरडून बोललात तर ती धमकी वाटते. हळू बोललात तर तारीख वाटते."

गाझियाबादेत हे वाक्य चाले. एकाच रस्त्यावर चार हॉस्पिटलं. एकाचं नाव काढलं तर माणसं पुढच्या चौकात जातील. पानिपतला मात्र चालत नसे. हृदयाचं काम करणारं, साहेबांच्या यादीपुरतं तरी, तिथं एकच हॉस्पिटल होतं, आणि त्याचे मालक म्हणजे एक प्रेमळ म्हातारे डॉक्टर. ते साहेबांना आग्रहानं पराठे वाढत. साहेब सगळं बोलून झाल्यावर, हळू आवाजात, वाक्य टाकत.

"हटा दीजिए जी," डॉक्टर म्हणत. "मक्खन और लीजिए."

दरवर्षी साहेब जात आणि दरवर्षी डॉक्टरांच्या भावाला मान्यता देऊन परत येत. "इतिहासात आपली रसद तुटली," ते मला म्हणाले. "माझ्याकडे तर मुळातच नाही. समोर दुसरं हॉस्पिटल असणं, हीच आमची रसद." पानिपताहून आले की एस्तेरवहिनी काही विचारत नसत. त्या ताक करून देत.

असा माणूस आपल्याकडे असताना आमच्या गणपती मंडळानं महाप्रसादाचं कंत्राट ठरवायचं काम त्यांच्यावर सोपवलं नसतं तरच नवल. साहेब चर्चचे असले तरी मंडळाचे वर्गणीदार होते, आणि भावाच्या बाबतीत सर्वधर्मसमभाव पाळत. हलवाई मुरलेला होता. साहेबांनी त्याला सांगितलं, वेगवेगळे भाव नकोत, एका पानाचं पॅकेज सांग. आत काय काय, ते लिहून दे. दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं तर ती 'गुंतागुंत', तिचा खर्च तुझा. पानावर सरासरी मुक्काम पस्तीस मिनिटं. तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत साहेबांनी वाक्य टाकलं. हलवाई हादरला आणि साहेबांनी सांगितलेल्या भावाला तयार झाला. मंडळानं टाळ्या वाजवल्या.

प्रसादाच्या दिवशी पंगत बसली. पहिला घास सगळ्यांनी एकदमच घेतला आणि एकदमच थांबवला. आमटीत मीठ नव्हतं. भाजीत नव्हतं. मसालेभातातही नव्हतं. हलवायाला बोलावलं. त्यानं खिशातून साहेबांच्या सहीचा कागद काढला आणि नम्रपणे उलगडला.

"नमक लिस्ट में नहीं है, साहब. आपने ही लिखवाया था, जो लिस्ट में नहीं वो पैकेज में नहीं."

दीडशे माणसं साहेबांकडे बघत होती. साहेबांनी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर मी एरवी कधी न पाहिलेला आनंद पसरला.

"पाठक," ते माझ्या कानात म्हणाले, "हा माणूस हलवाईगिरी काय करतोय? याला आमच्याकडे घ्यायला हवा."

मीठ मंदानं घरून आणलं. ते रिटेल भावाचं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मंदाच्या पित्ताशयात खडे निघाले. दोनदा तिला असह्य कळा येऊन गेल्या, आणि सर्जन म्हणाले, आता थांबू नका. आमच्या चौकातल्या हॉस्पिटलात गुरुवारची तारीख ठरली. तपासण्या झाल्या, गावाहून तिची बहीण यायला निघाली. सोमवारी दुपारी मला विमा कंपनीचा मेसेज आला की त्या हॉस्पिटलात आमचं कार्ड आजपासून चालणार नाही.

विमा साहेबांच्याच कंपनीचा होता. वाक्य कोणी टाकलं असेल ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. साहेब टेबलाशी बसून शेवग्याच्या शेंगा खात होते.

"साहेब, गुरुवारी मंदाचं ऑपरेशन आहे."

"माहीत आहे."

"मग चार दिवस थांबता आलं नसतं?"

त्यांनी शेंग ताटात ठेवली. "थांबलो असतो तर शुक्रवारी कुणा दुसऱ्याच्या बायकोचं असतं. रोज कुणाचं तरी असतंच, पाठक."

"निदान आमच्यापुरतं..."

"तुमच्यापुरतं दार उघडलं की त्यांना कळेल, माझं कुठं दुखतंय. मग दोन वर्षं तिथंच दाबतील. ते ग्रुपवाल्यांना एक भाव लावतात आणि रिटेलला दीडपट मागतायत. कारण काय, तर एकटा येतो, काय करणार आहे. हे भांडण तुमच्याचसाठी चाललंय."

"माझ्यासाठी चाललेल्या भांडणात माझ्याच बायकोच्या पोटात कळा?"

त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, "तुमचे सर्जन शनिवारी पुढच्या चौकातल्या हॉस्पिटलात ऑपरेशनं करतात. तिथं कार्ड चालतं. मी दुपारी बोलून ठेवलंय. शनिवारी सकाळी नऊ, पहिला नंबर."

मी घरी येऊन हे सांगितलं. मंदा उशीला टेकून बसली होती. "दोन दिवस जास्त," ती म्हणाली. "त्या दोन दिवसांत पुन्हा कळ आली तर तुमच्या साहेबांना बोलवा. म्हणावं, बसा इथं, बटाटा घेऊन."

मंगळवारी रात्रभर तिला झोप नव्हती. सकाळी मी पुन्हा साहेबांचं दार वाजवलं. काय बोलणार होतो ते माझं मलाही ठाऊक नव्हतं. एस्तेरवहिनींनी दार उघडलं.

"साहेब रजेवर आहेत. नैनितालला गेलेत," त्या पाठ केल्यासारखं म्हणाल्या. मागे स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. एका माणसाच्या मानानं कुकर मोठा होता, पण तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

मंदाला सांगितलं. तिनं कूस बदलली. मग म्हणाली, "माझे खडे इथं, आणि ते थंड हवेला."

दोनच तासांनी, बुधवारीच, मी चौकातल्या त्या हॉस्पिटलात गेलो. मंदाचे सोनोग्राफीचे कागद त्यांच्याकडे होते, ते शनिवारसाठी हवे होते. काचेचं दार ढकललं, आणि समोर खांबाला लागून, विम्याच्या काउंटरच्या अलीकडे, एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर नैनिताल बसलं होतं.

मला बघून साहेब दचकले नाहीत. त्यांचं लक्षच नव्हतं. दारातून एक वयस्कर जोडपं आत येत होतं. पुरुषाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड होतं, बाई भिंतीला धरून चालत होती. ती दोघं काउंटरपाशी पोचायच्या आत साहेब उठून त्यांच्यासमोर उभे राहिले.

"कार्ड दिखाइए ज़रा. हाँ. देखिए, ये कार्ड यहाँ सोमवार से बंद है. घबराना नहीं है. अगले चौराहे पर चलता है, मैं छोड़ देता हूँ. आपके काग़ज़ पूरे हैं? बैठिए माताजी, पहले पानी पीजिए."

आणि त्यांना आपल्या गाडीत मागच्या सीटवर बसवून ते निघून गेले. मी खांबाशी उभा राहिलो. वीस-पंचवीस मिनिटांनी साहेब परतले, रुमालानं मान पुसली, खुर्चीवर बसले आणि मग मला म्हणाले, "वहिनींचे कागद तळमजल्यावर मिळतील. उजवीकडे."

"तुम्ही नैनितालला आहात," मी म्हणालो.

"डायरेक्टरसाठी. बोलणी अडली की मी रजेवर जातो. त्याला वाटतं, याला घाई नाही."

"आणि त्यानं तुम्हाला इथं बघितलं तर?"

"डायरेक्टर लोक तळघरात गाडी लावतात आणि लिफ्टनं थेट सातव्या मजल्यावर जातात. लॉबीत कधी येत नाहीत. मी बघून ठेवलंय."

"पण कंपनी मेसेज पाठवते ना सगळ्यांना?"

"पाठवते. मेसेज मुलाच्या फोनवर जातो. मुलगा बेंगळुरूला."

मी शेजारच्या बाकावर बसलो. साहेब दाराकडे बघतच बोलत होते. त्यांचं बोलणं नेहमीसारखंच सपाट होतं. काही वर्षांपूर्वी त्यांनी असंच एक नाव काढलं होतं. जून महिना. एक म्हातारा बायकोला स्कूटरवर मागे बसवून त्या हॉस्पिटलात गेला, तिथून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे. बाई नंतर बरी झाली. म्हाताऱ्यानं कंपनीला पत्र लिहिलं. तक्रार नव्हती, भरपाई मागितली नव्हती. एवढंच, की पहिल्याच ठिकाणी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी चुकलो नव्हतो," साहेब म्हणाले. "तो भाव पुढं उतरला. त्यांच्यासाठीही उतरला. पण दारात कुणी नव्हतं, हे खरं."

तेवढ्यात हॉस्पिटलचा गार्ड आला. मिशीवाला, बुटांना चकचकीत पॉलिश केलेला. "अंकल, खाना खाया? आज मरीज़ कैसा है?"

"कल से ठीक है," साहेब म्हणाले.

"मालिक सब अच्छा करेगा." गार्ड गेला.

"मागच्या खेपेला इथलं नाव काढलं तेव्हाही हाच होता," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "त्याला वाटतं, माझं कुणी वर भरती आहे. चांगला माणूस आहे. खुर्ची त्यानंच आणून दिली."

घरी जाऊन मी मंदाला सगळं सांगितलं.  गुरुवारी सकाळी तिच्या बहिणीनं पोळ्या केल्या तेव्हा मंदानं चार वेगळ्या काढायला लावल्या, भोपळ्याच्या भरिताबरोबर डब्यात भरल्या आणि माझ्या हातात दिल्या. "मी दिल्या म्हणून सांगू नका." तिचं ऑपरेशन शनिवारी नऊ वाजता व्यवस्थित झालं हे इथंच सांगून टाकतो, उगीच कुणाचा जीव टांगणीला नको.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मी एक राहिलेला रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा साहेब खुर्चीवरून उठून स्वेटर झटकत होते.

"फोन आला. तयार झाले. रिटेलला ग्रुपचाच भाव. उद्यापासून इथं कार्ड चालू." त्यांच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. "चला, घरीच जाताय ना? सोडतो."

आम्ही दाराकडे वळलो, आणि मागून चाकांचा आवाज आला. गार्ड व्हीलचेअर ढकलत धावत येत होता.

"अंकल! काउंटर पे आपको कहते सुना, अब आना नहीं पड़ेगा. छुट्टी हो गई ना? मुझे बोलते! कहाँ हैं मरीज़?"

साहेबांनी व्हीलचेअरकडे पाहिलं. तिच्यावर गार्डनं कुठून तरी पैदा केलेली धुतलेली चादर घातली होती. मग त्यांनी गार्डच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डायरेक्टरांसमोर कधी न हललेली त्यांची पापणी इथं दोनदा हलली. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ये हैं," ते म्हणाले.

मी बसलो. दुसरं काय करणार होतो? गार्डनं माझे पाय उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवले, चादर गुडघ्यांवर ओढली आणि माझ्या तोंडाकडे बघून मान हलवली. "चेहरा अभी भी उतरा हुआ है." मग उतारावरून मला अलगद खाली नेत, वाकून माझ्या कानाशी म्हणाला, "अब अपना ध्यान रखना, भाईसाहब. बहुत बैठे हैं ये आपके लिए."

त्यानं मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. साहेबांनी त्याचा हात हातात घेतला आणि येऊन गाडी सुरू केली.

आम्ही चौक ओलांडला. हसावं की नाही ते मला ठरवता येत नव्हतं. आमच्या रस्त्यावर पाच गतिरोधक आहेत आणि एरवी साहेब त्यांवरून गाडी उडवत नेतात. त्या दिवशी प्रत्येकापाशी त्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, आरशात मागच्या रिकाम्या सीटकडे एकदा बघितलं, आणि मग अगदी हळू, एकेक चाक, पलीकडे नेली.